बुक्क्याचं बोट

योगिनीनं पिशवीतून झांज काढली, पण बाजूलाच ठेवली. आधी फोन विश्रामकाकांपुढे केला.

“काका, हा ‘माऊलीचरण’ कोण?”

ठाकुर्लीच्या देवळात सतरंज्या अंथरून नुकत्याच झाल्या होत्या. कीर्तनाला अर्धा तास होता. काका आपला मोबाईल लाईव्हसाठी स्टँडवर बसवत होते. देवळाचं पेज तेच सांभाळत. नाव ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

“अगं, आपला भक्त तो! तुझ्या प्रत्येक कीर्तनाला लाईव्हवर पहिला नमस्कार त्याचाच.”

“वाचा.”

काकांनी चष्मा सरसावला. ‘मोतिया साडी शोभली. छत्री पुन्हा विसरलात.’ ‘आज कळव्याला जिन्याशी उभा होतो. सव्वापाचची चुकली ना?’ ‘उत्तर देत नाही? मग घरीच येतो.’

“छत्रीचं याला कसं कळलं, काका?”

काकांनी चष्मा काढला. छत्रीचं त्यांनीच तर सांगितलं होतं. ‘माऊली, ताईंना शाल पाठवायची आहे, राहतात कुठे?’ असं त्यानं विचारलं आणि काकांनी इमारतीच्या नावासकट लिहून पाठवलं. वर कौतुकाची भर: पोर कळव्याहून एकटी येते, सव्वापाचची गाडी धरते, वेंधळी एवढी की छत्री दर खेपेला इथेच राहते. तो विचारत गेला, हे सांगत गेले. ‘माऊली’ म्हणणाऱ्याला नावगाव विचारायची रीत त्यांच्या घरात नव्हती. फोटोच्या जागी त्यानं विठोबा लावलेला. विठोबावर कसला संशय घ्यायचा?

“चूक माझी गं, पोरी.”

“ठाण्याला तक्रार देऊन आलेय, सायबरवाल्यांकडे. काही पुसू नका म्हणाले. तुमचं त्याच्याशी झालेलं बोलणंही लागेल.”

“उद्या सकाळी फोनच नेऊन ठेवतो त्यांच्यापुढे.”

“बाबा म्हणतात, कीर्तन बंद. हट्टानं आलेय, पण…” तिनं रिकाम्या मंडपाकडे पाहिलं. “तो इथे येऊन बसला तर कळणार कसा? पूर्वरंग करीन कसाबसा. पुढचं आख्यान नाही होणार माझ्याच्यानं.”

काकांना आपले वडील आठवले. राजापूरकडच्या त्यांच्या गावी पूर्वरंग संपला की वडील बुक्क्याची वाटी घेऊन उठत आणि लहानगा विश्राम कंदील धरून मागे चाले. एकेक कपाळ. बोट टेकवायचं तर माणसाच्या तोंडाकडे पाहावंच लागे. “काय रे, आईचा खोकला कसा आहे?” “गाय व्याली का?” घरी परतताना वडील सांगत, आज कोण आलं नव्हतं आणि कुणाचे डोळे रडलेले होते. त्या वाटेवरचा रातराणीचा वास काकांना अजून बुक्क्यालाच येतो. इथे मात्र करोनापासून वाटी दाराशी टेबलावर असते. ज्यानं त्यानं लावून घ्यावा.

काकांनी स्टँडवरचा मोबाईल काढून खिशात टाकला. मग दाराशी गेले आणि वाटी उचलली.

मंडप भरला. योगिनीनं पूर्वरंग केला, पण नजर सारखी मागच्या रांगांकडे. ती थांबली तसे काका पहिल्या रांगेपासून निघाले.

“आज तुम्ही स्वतः?” कमळाबाईंनी कपाळ पुढे केलं. “आम्हाला काय हात नाहीत, भावजी?”

“हात आहेत हो. पण लावणाऱ्याला डोळे असतात.”

शेवटच्या रांगेत एक तरुण बसला होता. अनोळखी. काकांचं बोट त्याच्या कपाळाशी थबकलं. “कुठले, माऊली?” सत्तर वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

“टिटवाळ्याचा. कमलेश.”

“कुणाबरोबर आलात?”

“अहो, जावई आहे तो माझा!” पुढून कमळाबाई कडाडल्या. “देवळात बसलाय की चौकीत?”

मंडप हसला. कमलेश लाजला. काकांनी हात जोडले, मग बुक्का लावला. समोर योगिनीही हसली होती, थोडीशी.

शेवटचं कपाळ तिचं.

“एकशे तीन जण,” काका हळूच म्हणाले. “एकेकाच्या तोंडाकडे बघून आलोय. मी दारात बसतो. घरी सोडायलाही मीच येणार, आणि बाबांशी बोलणार. आता तू ठरव.”

काका दाराशी जाऊन बसले.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. पडद्यावर विठोबा. ‘माऊली, आज लाईव्ह दिसत नाही? ताई आल्यात ना?’

सवयीनं काकांनी बोट टेकवलं. फोन उघडेना. पुन्हा टेकवलं. बुक्क्यानं काळं झालेलं ते बोट त्याला ओळखूच येईना. काकांनी ते पुसायला धोतराशी नेलं, आणि तसंच राहू दिलं.

मागे झांज वाजली.