खुनी नसलेलं पुस्तक

पन्नासाव्या पानाशी आप्पांनी पुस्तक उलटं करून मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "यात खुनी कोण हाय?"

पूनम ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली होती. रविवारची दुपार. उसाला तुरे आले होते आणि राहू गावच्या त्या शिवारात घराच्या खिडकीपर्यंत नुसता पांढरा उजेड झुलत होता.

"खुनी नाही त्यात, आप्पा."

"मग रोज एक घर रिकामं व्हतंय ते? माणसं जात्यात कुठं?"

"कुणी विचारतच नाही. सगळे गप्प बसतात, म्हणून ते होत राहतं."

"म्हंजी सगळंच खुनी." आप्पांनी टोपी मागं सारली. "आन् पोलीस धरणार कुणाला?"

आप्पांनी उभा जन्म रहस्यकथा वाचल्या होत्या. पोरवयात मेंढरांमागं हिंडताना, पुढं पाण्याची पाळी असली की बांधावर बसून. दौंडला काम निघालं की स्टेशनाबाहेरून दोन तरी घेऊन यायचे. कागद कसला, छपाई कशी, याचं त्यांना काही नसे. शेवटच्या पानावर खुनी सापडला पाहिजे, एवढीच अट. पूनम शिरूरच्या कॉलेजात ग्रंथपाल. हातात येतील ती पुस्तकं तिनं वाचलेली, पण पुन्हा पुन्हा जायची ती उद्याच्या उजाड जगाच्या कादंबऱ्यांकडे. या रविवारी आप्पांनी तिच्या पिशवीतून त्यातलीच एक आपणहून काढून घेतली होती.

"बरं, शहर मोकळं झालं," ते म्हणाले. "रस्त्यात गवत उगवलं, खिडकीला लागलं. हेबी मान्य. पर मेंढरं कुठायत? येवढं गवत आन् खायला कोण न्हाई? लिहिणाऱ्यानं माळच बघितला न्हाई कवा."

आत शेंगा फोडत बसलेली आई हसली. "बापाला एक मुडदा पुरतो. लेकीला समदी दुनिया मेलेली लागती. आन् भाकरी मातर दोघांस्नीबी गरम पायजे."

"तू शेंगा फोड," आप्पा म्हणाले. मग पूनमकडे वळले. "तुला का आवडतं गं असलं?"

चेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं.

उत्तर तिच्याजवळ होतं. पण वडिलांच्या तोंडावर बोलण्यासारखं ते नव्हतं. निदान त्या घरात असलं काही कुणी बोलत नसे.

"विचार करायला लावतात," ती म्हणाली.

"विचार व्हय. त्यो मेंढरामागंबी येतो. फुकट."

उन्हं कलली. पाटाच्या कडेनं कुणाचा तरी कळप चालला होता. धुळीत मेंढरं दिसत नव्हती, नुसत्या घंटा पुढं सरकत होत्या. आप्पा तिकडे बघत राहिले. पूनमच्या डोळ्यांपुढे क्षणभर पुस्तकातलं ते शहर आलं, खिडक्यांपर्यंत गवत, आणि त्या गवतात कुठूनशी शिरत गेलेली मेंढरं. शहर एकदम वस्तीचं वाटलं.

दिवस असतानाच तिनं स्कूटी काढली. भीमेचा पूल अंधाराआधी ओलांडावा, हे आप्पांचंच सांगणं.

"पुस्तक?" तिनं विचारलं.

"राहू दे. पुढल्या रविवारी सांगतो."

सोमवारी सकाळी मोटर चालू करायला गेलेले आप्पा परत आले नाहीत. बांधाला टेकून बसल्यासारखे सापडले.

तेराव्याचे पाहुणे गेले, त्या दुपारी पारगावचे गेणबा मामा आले. आप्पांची आणि त्यांची पुस्तकांची देवघेव चाळीस वर्षांची. आप्पांची एक रहस्यकथा त्यांच्याकडे राहिली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी फळीवर ठेवली. शेजारी पूनमची कादंबरी होती.

"हे तुजं का?"

"हो, मामा. त्यांना नसतं आवडलं."

"न्हाईच आवडलं." गेणबा मामा ओट्यावर टेकले. "तू गेलीस त्या सांच्याला फोन आलता त्याचा. म्हणला, गेणा, यात खुनी न्हाई, ते पटलं मला. पर पोरीला यात काय घावतंय, ते घावल्याबिगर मी हे सोडत न्हाई."

पूनम खांबाला धरून उभी होती. "घावलं का त्यांना?"

"म्हणला, अजून दोनशे पानं हायती."

मामा चहा घेऊन गेले. पूनमनं कादंबरी उचलली आणि ओट्यावर बसून ती दोनशे पानं वाचायला घेतली. यापूर्वी दोनदा वाचलेली. एकेक घर रिकामं होत गेलं. गवत उंबरे ओलांडून आत आलं, चुलीपर्यंत पोचलं. पानावरचं ऊन सरकत सरकत तिच्या गुडघ्यावर आलं आणि उतरून गेलं. शेवटच्या घरातला शेवटचा माणूस दार न लावता निघून गेला.

तिनं पुस्तक मिटलं. लगेच वर पाहिलं नाही. उसातून वारं गेल्याचं ऐकू आलं. आत आईनं कसलंसं भांडं पालथं घातलं. मग तिनं मान उचलली. समोरच्या भिंतीवर उसाच्या तुऱ्यांची सावली हलत होती.

"आप्पा, मिटून वर बघितलं की सगळं जिथल्या तिथं असायचं," ती मोठ्यानं म्हणाली. "ऊस असायचा. आई असायची. आणि समोर तुम्ही, चष्मा नाकावर घेऊन. तेवढ्यासाठी वाचायची मी."