उघड्या गाडीतला गारवा

"आभाळ थंड करायचंय का, काका?" एलॉयनं विचारलं आणि हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं.

म्हातारा आन्सेल्मो उर्किदेस हसला नाही. त्याच्यामागे ट्रकवरून एक इम्पाला गाडी उतरत होती. १९६५ सालची, मोरपंखी, कापडी छप्पर मागे दुमडणारी.

"हिच्यात एसी बसवून दे," तो म्हणाला. "आणि छप्पर उघडं असलं तरी अंगाला गारवा लागला पाहिजे."

जुन्या गाड्या एलॉय बुस्तामान्तेइतक्या वाळवंटातल्या टूसॉन शहरात कुणाला कळत नसत. गाडी कारखान्यातून निघाली तशीच ठेवायची, हा त्याचा तीस वर्षांचा हट्ट. त्यानं चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. मग ट्रकवर घालून का आणली, हे त्याला कळेना. डॅशबोर्डवर एक परका स्क्रूसुद्धा नव्हता.

"मी हिला भोकं पाडणार नाही," तो म्हणाला. "अशी दुसरी गाडी गावात नाही. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? उकडत असेल तर बंद गाडीतून फिरा की!"

आन्सेल्मो टायरच्या चळतीवर टेकला.

"रोसारियोला, माझ्या बायकोला, मज्जातंतूंचा आजार आहे. ऊन लागलं की तिचे हातपाय गळून जातात. गार खोलीत बसली की तासाभरात उठून सगळं घर झाडते. अंग गार राहिलं तर कशालाच बंदी नाही म्हणतात डॉक्टर. पण पाच उन्हाळे झाले, ती घरातच आहे. दवाखान्यात पुतण्या त्याच्या बंद गाडीतून नेतो. वाटभर डोळे मिटून बसते बिचारी." त्यानं इम्पालाकडे बोट केलं. "रोज सकाळी मात्र ह्या गाडीवरून हात फिरवून येते."

एलॉयनं खांद्यावरचं फडकं बाजूला टाकलं. मग त्यानं बॉनेट उघडलं.

तीन आठवडे लागले. त्यानं एकही भोक पाडलं नाही. गार हवेची चार तोंडं डॅशबोर्डखाली जुन्याच स्क्रूंना टांगली. इंजिनाची धग वर येऊ नये म्हणून गालिच्याखाली जाड अस्तर घातलं. रेडिएटर मोठा बसवला. उघड्या गाडीत हवा कोंडून राहत नाही, म्हणून झोत थेट माणसाच्या छातीवर आणि हातांवर येईल असा धरला. चारही तोंडं त्यानं उजव्या, चालवणाऱ्याशेजारच्या सीटकडे वळवली. रोसारियो तिथंच बसणार होती.

जूनमधल्या एका संध्याकाळी तो स्वतः गाडी घेऊन त्यांच्या दारात आला. पारा अजून अडतीसवर होता. छप्पर बंद ठेवून त्यानं आधी गाडी चांगली गार केली. रोसारियो नवऱ्याचा दंड धरून हळूहळू बाहेर आली. एलॉयनं अदबीनं उजवं दार उघडलं.

"ती बाजू ह्यांची, बाळा," ती म्हणाली आणि बॉनेटला हात टेकत पलीकडे गेली.

एलॉयनं उजवं दार आन्सेल्मोसाठी उघडंच ठेवलं. मग त्यानं आत वाकून चारही तोंडं डावीकडे, स्टिअरिंगच्या बाजूला वळवली.

ती दहा मिनिटं झोतासमोर तळवे पसरून बसली. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. क्लच दाबून पाहिला, गिअर टाकून पाहिला. मग तिनं मान हलवली, आणि एलॉयनं छप्पर मागे दुमडलं. डोंगरांवरचं तांबूस आभाळ एकदम वर उघडं झालं. तिनं एलॉयचा हात धरून कपाळाला लावला. तिची बोटं गारेगार होती.

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली.  एलॉयनं तिच्या बाजूचं दार लावलं.

गाडी हलली. शेजारी बसलेल्या आन्सेल्मोनं टोपी काढून मांडीवर घेतली आणि सीटवर आरामात रेलत पाच वर्षांनी पुन्हा एकदा विचारलं, "रोसारियो, आज कुठं नेतेस मला?"