डोंगरावरचा पाटा

छप्पर नव्हतंच. कमरेएवढ्या दगडी भिंती, त्यांच्या मध्ये चौकोनी खोल्या, आणि त्यातल्याच एका खोलीच्या कोपऱ्यात तो पडला होता. कांचन त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"अगं, हा तर पाटा."

तिची लेक उर्वी मागून धापा टाकत आली. खाली फ्लॅगस्टाफ शहर पाइनच्या झाडांत दडलं होतं, वर शिखरांवर अजून बर्फ होतं. फ्रीमाँटच्या घरून मायलेकी दोघीच निघाल्या होत्या, ग्रँड कॅन्यन बघायला. हे हजारेक वर्षांपूर्वीचं गाव वाटेतल्या पाटीमुळे सापडलं. इथली माणसं मका दळून खायची, मग कधीतरी उठून दुसरीकडे राहायला गेली, असं पाटीवर लिहिलं होतं. दळणाचे दगड तेवढे मागे राहिले.

कांचनला ते लगेच पटलं. तिच्या आईनं दिलेला पाटा-वरवंटाही साताऱ्यालाच राहिला होता. विमानाच्या वजनात बसेना, म्हणून सुमंतनं, उर्वीच्या बाबांनी, तो बॅगेतून काढला आणि त्या जागी आपली इंजिनिअरिंगची पुस्तकं भरली. इतक्या वर्षांनीसुद्धा आमटी जमली नाही की ती त्याला हे ऐकवायची.

तिनं पाट्यावरच्या वरवंट्याकडे हात नेला.

"आई, डोंट टच. लिहिलंय तिथं."

कांचननं हात मागे घेतला, नजर नाही घेतली. वरवंटा मधोमध झिजला होता. कुणीतरी बाई इथं गुडघे टेकून बसत असेल, पाठीला पोर बांधून.

मग ती उर्वीच्या बारशाची गोष्ट सांगायला लागली. उर्वीनं ती कितीदा तरी ऐकली होती, तरी ती थांबली. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला टोपडं घालायचं, बाळासारखं नटवायचं आणि पाळण्याच्या खालून-वरून या बाईनं त्या बाईच्या हातात द्यायचा. फ्रीमाँटच्या त्या दोन खोल्यांत वरवंटा कुठला असायला? दीपामावशीनं लाटण्यालाच टोपडं चढवलं. तेव्हा पद्मिनीकाकू म्हणाल्या होत्या, लाटण्यावरचं पोर हे, एका जागी ठरायचं नाही.

"आणि ठरलीस का? टेक्सास झालं, बॉस्टन झालं."

उर्वी हसली, नेहमीच्या जागी. त्या हसण्याच्या भरात कांचन म्हणून गेली, की तुझ्या नि वेदच्या बाळाच्या वेळी मात्र खरा वरवंटा आणू, कुणी साताऱ्याहून येणारं असेल तर सांगून ठेवते.

उर्वीचं हसू तिथंच राहिलं. भिंतीवर बसायला मनाई होती, म्हणून ती खाली मातीतच बसली.

"आई, आम्ही ट्रीटमेंट थांबवली. वेदनं आणि मी मिळून ठरवलंय. आता परत नाही."

खाली शहरातून मालगाडीचा भोंगा आला, लांबलचक. तो थांबल्यावर कांचननं विचारलं, कधी? मार्चमध्येच, उर्वी म्हणाली. सांगायची भीती वाटत होती.

"माझी?"

"तुझ्या साखरेची."

कांचन चपापली. गोड सोडल्याचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. उर्वीची ट्रीटमेंट सुरू झाली त्या श्रावणात तिनं हातावर पाणी घेऊन संकल्प केला होता. लेकीची कूस उजवेपर्यंत जिभेवर साखर ठेवणार नाही. लोक डायबेटिस समजायचे, ती समजू द्यायची. व्रताचा बोभाटा करू नये, असं आईनं शिकवलेलं.

"मला कुणी सांगितलं नाही," उर्वी म्हणाली. "माझ्या बर्थडेला तू केक हातात धरून बसतेस आणि मग हळूच बाबांच्या प्लेटमध्ये ठेवतेस. ट्रीटमेंट सुरू झाली तेव्हापासून दर वर्षी. मला वाटतं, तो मीच तुझ्या तोंडातून काढून घेतेय."

अगं, हे सगळं तुझ्यासाठीच तर, असं कांचनच्या ओठांवर आलं होतं. त्या वाक्याचं वजन तिला आत्ता कळलं. तिनं ते गिळलं.

पण व्रत मोडायचं कसं? आजवर तिनं एकही अर्ध्यावर टाकलं नव्हतं. बाळंतपणात नाही, सुमंतच्या बायपासच्या दिवशीसुद्धा नाही. ती त्या रिकाम्या खोल्यांकडे बघत राहिली. ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं.

मग ती उठून लेकीशेजारी मातीत बसली. ओढणीच्या टोकानं तिनं उर्वीचा चेहरा पुसला, लहानपणी पुसायची तसा, जरा जोरातच.

"शुक्रवारी उद्यापन करते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"व्रत संपलं की देवाचा निरोप घ्यायचा. पुरणपोळी करायची, सवाष्ण जेवायला बोलवायची, मग आपण खायचं."

"पण संपलं कुठे? तू जे मागितलंस ते मिळालंच नाही."

"मागणारी मी होते ना? मीच परत घेते." कांचननं ओढणी झटकली. "देव काही कोर्टात खेचत नाही."

उर्वी रडता रडता हसली. सवाष्ण कोण, दीपामावशी का, असं तिनं विचारलं. कांचननं मान हलवली आणि तिच्याकडेच बोट केलं.

उर्वीनं बाहीनं डोळे कोरडे केले.

"मी काय आणू?"

"सवाष्णीनं काही आणायचं नसतं गं," कांचन म्हणाली. "नुसती भूक घेऊन यायचं."