झेंडे शिवणाऱ्याची मुलगी

मास्तरांनी मशीन थांबवलं तेव्हा सुई झेंड्याच्या कापडातच रुतलेली होती. फोनवर भाऊंचा माणूस होता. भाऊ म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक. त्यांच्या पक्षाचे झेंडे, टोप्या, उपरणी, सगळं वर्षानुवर्षं मास्तरांच्याच दुकानात शिवलं जाई.

"मुलीला आवरा, मास्तर," तो माणूस म्हणाला. "अंधार पडायच्या आत ती पोस्ट दिसेनाशी झाली पाहिजे."

मास्तर नुसते "हो, हो" म्हणाले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी ते बोलताना उभे राहिले होते. फोन ठेवला आणि तसेच बाहेर पडले. गळ्यातली टेप काढायचंही भान राहिलं नाही.

पोस्ट त्यांनी पाहिली होती. न पाहिलेला माणूस आता शोधावा लागला असता. त्यांची धाकटी मुलगी आणि तिच्या युवक संघटनेतली पोरं नगरपालिकेच्या हॉलमध्ये अभ्यासिका चालवत. तिथल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कित्येक महिने कुलूप होतं, कारण आत साहेबांच्या सत्काराचे फलक रचून ठेवले होते. साहेब म्हणजे भाऊंचेही वरचे. धाकटीनं खिडकीच्या फटीतून फोटो काढला. फलकावर हात जोडून हसणारे साहेब, मागे नळ. खाली लिहिलं, 'साहेब आत मजेत आहेत. मुली घरी जाऊन येतात.'

बस, एवढंच. पण पोस्ट गावभर झाली. साहेबांचा अपमान झाला म्हणून चौकात घोषणा झाल्या. संघटनेवर बंदी घाला म्हणून निवेदनं निघाली. दुपारी हॉल रिकामा करायचा निरोप आला. संघटनेचे सल्लागार, एक निवृत्त मुख्याध्यापक, यांनी 'माझा या मुलांशी काही संबंध नाही' असं जाहीर करून अंग काढून घेतलं.

वाटेत मास्तरांनी बोलणं जुळवलं. आधी रागवायचं. मग समजवायचं. नाहीच ऐकलं तर आईची शपथ घालायची. धाकटी लहानपणापासून हट्टी, एका वाक्यात ऐकेल तर ती धाकटी कसली.

हॉलमध्ये पोरं पुस्तकं खोक्यांत भरत होती. संघटनेचा अध्यक्ष, ज्याला सगळे लंबू म्हणत, त्यानं मास्तरांना खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास दिला आणि पाठ फिरवून पुन्हा खोक्याला दोरी बांधू लागला.

"हे बघ, धाकटे," मास्तरांनी सुरुवात केली, "आपलं पोट ज्यांच्यावर..."

"काढते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही काही बोलू नका. मला कळतंय."

मास्तरांच्या छातीवरची धोंड उतरली. रागवावं लागलं नाही, शपथही लागली नाही. त्यांनी अर्धा ग्लास पाणी एका दमात संपवलं. धाकटीनं फोन हातात घेतला, आणि तेवढ्यात तोच वाजला.

"हो, भाऊ," ती उठून उभी राहिली. "नाही, भाऊ. चुकलं, भाऊ. आत्ताच काढते. पुन्हा असं होणार नाही."

मास्तर बघत राहिले. पलीकडच्या माणसाला दिसत नसतानाही पोरीची मान खाली गेली होती. मोकळा हात पोटाशी दुमडला होता. ही मान त्यांच्या ओळखीची होती. भाऊंशी बोलताना त्यांची स्वतःचीही अशीच खाली जाई. रंग आईचा, नाक आजीचं, आणि आपण हिला दिली ती ही वाकलेली मान, त्यांच्या मनात आलं.

ते उठले आणि त्यांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"भाऊ, मी मास्तर बोलतोय." आवाज कापत होता, पण बाहेर पडत होता. "पोस्ट निघायची नाही. पोरीनं खोटं काही लिहिलेलं नाही. झेंडे दुसऱ्या कुणाकडून शिवून घ्या."

लंबूच्या हातातली दोरी सुटली. धाकटी बापाकडे अशी पाहत होती, जणू हा माणूस तिला आजच भेटला होता.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आता शिव्या येतील, मग धमकी येईल, उद्या दुकानावर माणसं येतील. येऊ देत. का कोण जाणे, त्यांना फार हलकं वाटत होतं.

फोनमध्ये दार लावून घेतल्याचा आवाज झाला. मग एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"सुटलो," भाऊ हळूच म्हणाले.

"काय म्हणालात?"

"माझी पोरगीही तिथंच बसते, मास्तर. रोज अभ्यास अर्धा टाकून पळत घरी येते. तुम्हाला काय वाटतं, मला ते कुलूप ठाऊक नव्हतं? किल्ली पाठवतोय. फलक काढून व्हरांड्यात ठेवा. हॉल सोडू नका, पोस्ट राहू द्या, आणि झेंडे परवापर्यंत हवेत."

मास्तर पुन्हा खुर्चीत बसले.

"मग, भाऊ, सकाळपासून हे फोन कशाला?"

"वरून हुकूम होता. मी फोन करत गेलो आणि जो तो मला हो म्हणत गेला. अहो, खालून कुणी नाही म्हटल्याशिवाय मी वरती नाही कसं म्हणू?"