पोचली का पोरगी

घोडा पुन्हा डोंगराकडे वळला, तसे पुंडलिकराव खाटेवर उठून बसले.

"थे पोरगी घरी कवा पोचन वं बाई?"

अलकानं टीव्हीवरची नजर काढली नाही. पडद्यावर एक पोरगी घोड्यावरून गवत तुडवत चालली होती. ती खेळत होती त्या व्हिडिओ गेममध्ये पोचायचं असं काही नव्हतंच. मोकळं जग होतं. डोंगर संपला की नदी, नदी संपली की रान. करायच्या कामगिऱ्याही होत्या, पण अलका त्यांच्याकडे फिरकत नसे. सकाळी पांढुर्ण्याहून बसनं सौंसरच्या शाळेत शिकवायला, सांजच्याला येऊन स्वयंपाक, सासऱ्याचं जेवण, औषध. मधला अर्धा तास काय तो तिचा. त्यात तरी कोणी अमुकच कर म्हणून सांगू नये.

पण पुंडलिकरावांचा, तिच्या मामाजींचा, जीव त्या पोरीत अडकला. त्यांनी जन्मभर कीर्तनकार बुवांच्या मागं उभं राहून टाळ धरले होते. बुवा निरूपणात कितीही लांब भटकोत, आख्यानातला संकटात पडलेला भक्त शेवटी सुखरूप घरी यायचा, मगच आरती व्हायची. आता ते नावं विसरत, वार विसरत. अर्धवट सुटलेली कथा मात्र त्यांना सोसवत नसे. अंथरुणावर पडल्या पडल्या विचारायचे, पोचली का पोरगी.

एका रविवारी अलका कणीक मळून बाहेर आली, तर खाट रिकामी. तिच्या नवऱ्यानं, चेतननं, संत्र्यांची गाडी भरायची सोडून गाव पालथं घातलं. म्हातारा बसस्टँडवर सापडला. अनवाणी, सौंसरच्या गाडीची वाट पाहत. इथं काय करून राहिले म्हणून विचारलं, तर एवढंच म्हणाले, "पोरगी अजून पोचली नाई."

घरी चेतनचा आवाज चढला. खेळातल्या पोरीच्या मागं माझा बाप घर सोडून निघाला; उद्या एखाद्या ट्रकखाली आला, की बस मग घोडे पळवत. अलकालाही ते पटलं होतं.

शाळेतल्या सौरभ सरांना या खेळांचा नाद. तिनं त्यांना विचारलं. ते म्हणाले, वेळ नसलेल्या माणसानं कथेचाच खेळ घ्यावा. मोकळ्या जगात अर्धा तास तर चपला घालण्यातच जातो. कथा बोट धरून नेते आणि संपतेही.

तिनं तसा खेळ आणला. त्यातली पोरगी लढाईत आईपासून तुटलेली होती आणि घर शोधत चालली होती. एकच वाट, दोन्हीकडे भिंती. अलकाचा जीव गुदमरायचा. मामाजी मात्र खाट सोडून जवळ येऊन बसू लागले. मध्येच सौंसरजवळच्या जामसांवलीहून, माहेराहून, तिच्या मायचा फोन आला. लकव्यानं जड झालेल्या जिभेनं माय म्हणाली, कवा येतं. दिवाळीपासून तोच सवाल होता आणि अलकाचं उत्तरही तेच. मामाजींना सोडून कशी येऊ, सुट्ट्या लागू दे. फोन ठेवून ती पुन्हा खेळायला बसली. एकदाचं संपावं म्हणून.

आणि संपलं. पडद्यावरची पोरगी दारात आली, दार उघडलं, आईनं तिला पोटाशी धरलं. पुंडलिकरावांनी हात जोडले. आज हे शांत झोपतील, अलकाला वाटलं.

"पोचली बघा, मामाजी."

"थे पोचली," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांची नजर स्वच्छ होती, आणि ती टीव्हीवर नव्हती. "अन तू?"

"मी तं घरीच हाय."

त्यांनी मान हलवली.

"त्या दिवशी मी त्या घोड्यावालीले पाहाले नोतो निंगालो, बाई. तुह्या मायले सांगाले चाललो होतो, का पोरीवर रागावू नोको, माह्या खाटेनं तिले अडवून ठेवलं हाये."