वाळूवरची जाळी

मशीन वाळू विंचरून गेलं, तेव्हा द्वारका किनाऱ्यावरच उभी होती. आडव्यातिडव्या रेघांची जाळी पार खडकापर्यंत उमटली होती. हॉटेलवाल्यांना हीच नक्षी लागायची, कारण पर्यटक तिचेच फोटो काढायचे. ती पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी किनाऱ्यावर आणून टाकलेल्या नव्या वाळूत कसलासा चिकटा कालवला होता. आता खऱ्या लाटेची रेघ तिथे उमटतच नसे.

पूर्वी ही जाळी समुद्र स्वतः काढायचा. दोन दिशांच्या लाटा एकमेकींना भिडल्या की किनाऱ्यावर जाळी पडायची, आणि त्या दिवशी गावातली एकही होडी पाण्यात उतरत नसे.

तिचा मुलगा बाबल होडी ढकलू लागला.

"बाबल्या, जाळी पडली आसा. जाव नको."

"आये, ती रोजच पडता! मशीनची जाळी ती. तिका भिऊन किती दिस घरात बसू?"

त्याचंही खरंच होतं. होडी निघाली.

पण तिला राहवेना. पाण्याच्या कडेला बसून ती करवंटीने हॉटेलची वाळू उकरत गेली. खाली जुनी काळसर वाळू लागली, तेव्हा सुपाएवढी जागा तिने तळव्याने सारखी केली आणि वाट पाहिली. लाटा येत गेल्या, एक सरळ, एक तिरकी.

तेवढ्याशा जागेत समुद्राने जाळी काढली.

द्वारका कमरेएवढ्या पाण्यात धावली, दोन्ही हात उंचावून ओरडली. खडकापलीकडे पोहोचलेल्या बाबलने वळून पाहिलं. आये निरोप देते आहे असं वाटून त्यानेही हसत हात हलवला.