वशिंड

वासरं फोडायची वेळ झाली तेव्हा मीनलच्या लक्षात आलं, की आपलं वासरू जरा जास्तच चांगलं झालंय.

लंडनच्या पिनर उपनगरातल्या चर्चच्या हॉलमध्ये, लांब टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून, नऊ मुलांची नऊ मातीची वासरं सोनेरी रंगात वाळत होती. त्यातली आठ बटाट्यासारखी होती. एकाला पाच पाय होते. संडे स्कूल घेणाऱ्या सारानं आधी गोष्ट सांगितली होती: मोझेस डोंगरावर गेला, खाली लोकांना धीर निघेना, त्यांनी सोन्याचं वासरू करून त्याचीच पूजा मांडली आणि देव भयंकर रागावला. म्हणून आज आधी वासरू करायचं आणि मग लाटण्यानं फोडायचं. मूर्ती म्हणजे नुसती माती, हे मुलांना हातानंच कळावं.

नववं वासरू अन्वीचं. चार वर्षांच्या अन्वीनं मातीचा गोळा आईच्या हातात दिला आणि ती बिस्किटं खायला गेली. मग मीनलच्या हातांनी, तिला न विचारता, लहानपणी वर्ध्याला पोळ्याच्या आदल्या दिवशी करायचे तेच केलं. पाठीवर वशिंड आलं. शिंगं आत वळली. काट्याच्या दातांनी झुलीची नक्षीसुद्धा उठली.

चर्चचे धर्मगुरू, व्हिकर, कॉफीचा मग घेऊन टेबलाशी आले. उंच, सौम्य माणूस. त्यांच्या काखेतल्या फाइलमध्ये अन्वीच्या शाळेचा फॉर्म होता. हे कुटुंब वर्षभर चर्चला येतं, असं लिहून त्यावर त्यांनी सही करायची होती. सही मिळाली तर कोपऱ्यावरची चर्चची शाळा, नाहीतर कौन्सिल देईल ती. त्यासाठी तिचा नवरा उदय आत्ताही पलीकडे खुर्च्यांच्या चळती लावत होता. घरी तो स्वतःचा कपही उचलत नाही.

‘येतं’ला पुरावा होता, हजेरीचं कार्ड होतं. ‘मानतं का’ असं कुणी विचारलं तर काय दाखवायचं, हे मीनलला माहीत नव्हतं. अकरा महिने ती त्याच भीतीनं सगळ्यांच्या आधी येऊन बसत होती.

“हे पाठीवर काय आहे?” व्हिकरनी विचारलं.

“हम्प.”

“वासरांना असतो?”

“आमच्याकडे असतो.”

‘आमच्याकडे’ हा शब्द तिनं या हॉलमध्ये याआधी एकदाही तोंडातून काढला नव्हता.

“लव्हली,” व्हिकर म्हणाले, आणि गेले नाहीत.

लाटणं फिरू लागलं. मुलांनी देवाची बाजू अगदी मनापासून घेतली. पाच पायांचं वासरू तीन फटक्यांत गेलं.

“अन्वी, युअर टर्न, डार्लिंग,” सारा म्हणाली.

अन्वीनं लाटणं घेतलं. वासराकडे पाहिलं. लाटणं खाली ठेवलं, हात जोडले, आणि कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं.

“आई, ही आपली पोळ्याची बैल आहे,” ती मोठ्यानं म्हणाली. “आजीकडे व्हिडिओवर होती ना, ती.”

मराठी तिथे बाकी कुणालाच कळत नव्हती. नमस्कार सगळ्यांना कळला.

मंत्र झालेला नाही, प्राणप्रतिष्ठा नाही, रंग हॉबीच्या दुकानातला. ही माती आहे, असं मीनलनं स्वतःला बजावलं. पण नमस्कार तर झाला होता. नमस्कार झालेल्या मूर्तीचं काय करतात, हे दर गणपतीत तिनं पाहिलं होतं. मूर्ती जागची जराशी हलवायची. हलली की देव गेला. मग बुडवा.

तिनं एका बोटानं बैल अंगठाभर पुढे सरकवला.

“ते काय केलंत?” व्हिकरनी विचारलं.

“वाळलंय का, ते बघितलं.”

त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर मुलांनी लिहिलेल्या दहा आज्ञा होत्या. खोटं बोलू नये, ही जांभळ्या फेल्ट पेननं लिहिलेली.

“त्याला सॉरी म्हण ना,” अन्वी म्हणाली.

“घरी गेल्यावर म्हणू.”

मीनलनं लाटणं उचललं आणि डोळे मिटले. या हॉलमध्ये डोळे मिटलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. पहिल्या फटक्याला वशिंड गेलं. मग तिनं उगाचच आणखी चार मारले.

डोळे उघडले तेव्हा व्हिकर अजून तिथेच होते. वर्तमानपत्रावरच्या सोनेरी चुऱ्याकडे बघत होते.

“तुमच्या हातात कला आहे, मीनल,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी सारा कार्डिफला बहिणीकडे चाललीय. तुम्ही घ्याल वर्ग? फॉर्मचं त्यानंतर बघू.”

“ऑफ कोर्स,” मीनल म्हणाली.

त्यांनी फाइलमधून एक कागद काढून दिला. फॉर्म नव्हता, पुढच्या धड्याचा होता. अब्राहम आणि आयझॅक: देवानं सांगितलं म्हणून पोटच्या मुलाचा बळी द्यायला निघालेल्या बापाची गोष्ट. आइस्क्रीमच्या काड्यांची चिता रचायची. पुठ्ठ्याचा दाढीवाला बाप कापायचा, त्याच्या हातात चांदीच्या कागदाचा सुरा द्यायचा. चितेवर ठेवायचं लेकरू तुटक रेषेवरून कापायचं. खाली मुलांसाठी एकच प्रश्न होता: आपला देवावर विश्वास आहे, हे बापानं कसं दाखवलं?

मीनलनं कागद उलटा करून पोटाशी धरला. दुसऱ्या हाताला अन्वीची सोनेरी, चिकट बोटं लागली.

“आई,” अन्वीनं विचारलं, “नेक्स्ट वीक काय तोडायचं?”